९७ टक्के होऊन राहिलं

नागपुरात कोणालाही फोन करून ‘कुठे आहेस?’ विचारा. उत्तर ठरलेलं: ‘येऊन राहिलो न!’ याचा अर्थ तो तुमच्या गल्लीच्या तोंडाशी पोचला आहे, किंवा अजून घरीच बनियनवर बसून तर्री-पोह्याची दुसरी प्लेट संपवतो आहे. तो कुठे आहे हे ऐकणाऱ्याला काडीचंही कळत नाही, पण बरं वाटतं. पुण्या-मुंबईकडचे पाहुणे आमच्या या ‘करून राहिलो, खाऊन राहिलो’ला हसतात. हसोत बापडे. काम सुरू आहे, संपलेलं नाही आणि कधी संपेल ते कृपया विचारू नये, एवढं सगळं दोन शब्दांत सांगणारा काळ दुसऱ्या कोणाच्या मराठीत आहे? गेल्या मे महिन्यापासून तर माझी खात्रीच पटली आहे की हा काळ मुळात संगणकासाठी जन्माला आला होता. संगणकालाच यायला उशीर झाला.

मी शिक्षिका. पाचवीला मराठी शिकवते. निवृत्तीला चार वर्षं आहेत. आमच्या पिढीनं प्रशिक्षण घेतलं ते सतरंजीवर बसून. केंद्रशाळेचा हॉल, डगमगणारा फळा, दुपारी मसालेभात आणि शेवटच्या दिवशी हजेरीपटावर सही. सही केली की शिकलो. पुढे २०१७ साली शिक्षकदिनाला केंद्र सरकारनं ‘दीक्षा’ सुरू केलं, त्याच वर्षी ‘स्वयम्’ही आलं. मग २०२० साली कोरोनानं शाळांना कुलूप ठोकलं आणि ती सतरंजी गुंडाळली गेली. त्यानंतर इतकी पोर्टलं आली की नुसत्या पासवर्डांसाठी मी वेगळी वही घातली आहे. त्यातल्याच एकाची ही गोष्ट. नाव सांगत नाही. सरकारी की खासगी, तेही सांगत नाही. चार वर्षं काढायची आहेत.

अभ्यासक्रमाचं नाव होतं ‘खेळण्यांतून अध्यापन’. बारा भाग, प्रत्येक भागाला व्हिडिओ, शेवटी चाचणी. मुदत मेअखेर, म्हणजे ऐन नवतपा. त्या नऊ दिवसांत नागपुरात काय होतं ते नागपूरकराला सांगायला नको आणि इतरांना सांगून पटत नाही. पारा पंचेचाळिसावर, रस्ते ओस, कूलरसमोरची जागा घरातल्या ज्येष्ठतेनुसार. प्रशिक्षणाच्या नावाखाली मी ती जागा बळकावली आणि मनापासून बारा भाग पाहिले. टिपणं काढली. चाचणी दिली. हिरवी पट्टी सरकत सरकत ९७ टक्क्यांवर आली आणि थांबली. खाली अक्षरं उमटली: ‘कृपया प्रतीक्षा करा.’

मी केली. कूलरचं पाणी संपलं, दोन बादल्या ओतल्या. ९७. संध्याकाळ झाली. ९७. रात्री उठून पाहिलं तर घरातले सगळे झोपलेले आणि ते एक चक्र तेवढं गरगर फिरत होतं. मला त्याची दया आली.

सकाळी आमच्या ह्यांनी चष्मा लावून पडद्याची पाहणी केली. हे रेल्वेत होते. सारी नोकरी चौकशीच्या खिडकीत गेली, त्यामुळे ‘स्थिती सांगणे’ या विषयात घरात त्यांचा शब्द अखेरचा.

“किती वेळ लागेल ते लिहिलंय?”

“नाही.”

“कशामुळे थांबलंय?”

“नाही.”

“मग ही सूचना कशाची? आम्ही निदान ‘दोन तास दहा मिनिटं उशिरा’ असं तरी सांगत होतो. माणूस तेवढ्यात जेवून येत होता.”

यांचं म्हणणं शास्त्राला धरून आहे हे मला नंतर कळलं. संगणकावर ‘इतके टक्के झाले’ दाखवणाऱ्या पट्टीचा अभ्यास ब्रॅड मायर्स नावाच्या संशोधकानं केला, तो १९८५ साली प्रसिद्ध झाला. निष्कर्ष असा की वाट पाहणाऱ्या माणसाला पट्टी असलेली आवडते. वाट तेवढीच पाहावी लागते, पण कुणीतरी आपल्याशी बोलतंय असं वाटतं. थोडक्यात, ‘येऊन राहिलो न’. आमच्या पोर्टलनं यातला अर्धाच भाग वाचला असावा. पट्टी दिली आणि बोलणं बंद केलं.

शेवटी भाच्याला बोलावलं. तो मिहानमध्ये एका कंपनीत अशाच वेबसाइटी बनवतो. आल्या आल्या त्यानं आधी कूलरसमोरची जागा घेतली.

“मावशी, तू काऊन एवढं टेन्शन घेऊन राहिली? चाचणी पुन्हा सबमिट करून पाहू.”

केली. आणि पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात, जिथे कुणाचं लक्ष जात नाही अशा ठिकाणी, एक हिरवी चिठ्ठी वर आली, काहीतरी म्हणाली आणि मी चष्मा नाकावर चढवेपर्यंत गायब झाली. वर पट्टी तशीच, ९७.

“पाह्यलं? अभिनंदन म्हणे! झालं तुझं.”

“मग ९७ का?”

“ते अलग आहे. हा टोस्ट होता.”

टोस्ट! नागपुरात टोस्ट चहात बुडवतात आणि तो बुडेपर्यंत बोटांत धरून ठेवतात. हा टोस्ट मात्र भाजायच्या यंत्रातून उडतो तसा उडतो, म्हणून त्याचं नाव टोस्ट. तीन सेकंद दिसतो आणि जातो. भाच्यानं मग सगळी बेकरीच मांडली. आपली ओळख लक्षात ठेवणारी ती कुकी. आपण कुठल्या पानावरून कुठे आलो ते दाखवणारा ब्रेडचा चुरा. वरच्या तीन आडव्या रेघा म्हणजे बर्गर. एवढा फराळ आहे म्हटल्यावर किटली हवीच, तीही निघाली. वेबसाइटीचा सर्व्हर आपल्या ब्राउझरला आकड्यांत स्थिती कळवतो: २०० म्हणजे ठीक, ४०४ म्हणजे पान सापडत नाही, ५०० म्हणजे आमच्याच घरात भांडण. त्यात ४१८ असाही एक आकडा आहे. त्याचा अर्थ ‘मी चहाची किटली आहे, माझ्याकडून कॉफी होणार नाही’. १९९८ सालच्या १ एप्रिलला कुणा जाणकारानं थट्टेत तो नियम लिहिला आणि तो अजून लोकांच्या जिभेवर आहे. सगळ्या पोर्टलांत मला हा एकच संदेश समजला. काय बिघडलं, का बिघडलं, दोन्ही स्वच्छ सांगितलेलं.

“पण मला नेमकं सांग, अभिनंदन झालं तर पट्टी का हलत नाही?”

“अगं, दोन्ही अलग टेबलात आहे.”

हे ऐकलं आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. संगणकाच्या पोटात माहिती जिथे साठवतात त्यालाही टेबलच म्हणतात! इतकी वर्षं उगाच घाबरत होते. चाचणीचा निकाल एका टेबलावर, पट्टीचा आकडा दुसऱ्या टेबलावर. पहिल्या टेबलाची फाइल दुसऱ्यावर रात्री जाते, सगळ्यांची मिळून एकदम. एखाद्या रात्री नाही गेली तर दुसरं टेबल सकाळी कालचंच सांगतं. यात न कळण्यासारखं काय आहे? पगारनिश्चिती अशीच होते, निवृत्तिवेतन असंच निघतं. फरक एवढाच की इथे कोणत्या टेबलाशी चहा पाजायचा ते कळत नाही.

मी विचारलं, त्या अभिनंदनाचं पुढे काय झालं? ते कुठल्या टेबलात ठेवलं?

“कोणत्याच नाही. तो फ्लॅश मेसेज. सर्व्हर तो घडीभर सेशनमध्ये ठेवते, पुढचं पान आलं की एकदा दाखवते आणि पुसून टाकते. नाहीतर पान पुन्हा उघडलं की पुन्हा अभिनंदन, पुन्हा अभिनंदन. एकदाच दाखवायचं असते ते.”

“अरे, अभिनंदन एकदाच होतं म्हणून तर जपून ठेवायचं!”

यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं. पण त्याच पानावर वरच्या बाजूला लाल अक्षरांत एक ओळ होती: ‘मागील प्रयत्न अयशस्वी.’ कूलरनं फ्यूज उडवला त्या दिवशीची. ती मात्र पोर्टलनं व्यवस्थित टेबलात ठेवली होती आणि लॉगिन केलं की आरतीसारखी पहिल्यांदा दाखवत होतं. आमच्याकडे एक दूरच्या आत्याबाई होत्या. तुम्ही पहिले आलात हे त्या संध्याकाळपर्यंत विसरत आणि तिसरीत गणितात नापास झालात हे तुमच्या लग्नात सांगत. त्या गेल्या असं आम्ही समजत होतो.

भाच्यानं जाता जाता आणखी एक गंमत सांगितली. असे अभ्यासक्रम एका पोर्टलवरून दुसऱ्यावर नेता यावेत म्हणून ‘स्कॉर्म’ नावाची एक रीत आहे. तिचा जन्म अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या आसऱ्यानं चाललेल्या एका उपक्रमात झाला. २००१ सालची तिची १.२ ही आवृत्ती इतकी रुजली की कितीतरी ठिकाणी अजून तीच चालते. त्या आवृत्तीत धड्याच्या स्थितीला सहाच शब्द आहेत: उत्तीर्ण, पूर्ण, अनुत्तीर्ण, अपूर्ण, चाळलं, आणि हात लावला नाही. सातवा चालत नाही. मध्येच उठलात तर तुमचं अर्धवट राहिलेलं काम लिहून ठेवायला जागा ४०९६ अक्षरांची, म्हणजे साधारण दोन फुलस्केप पानं. जगातल्या समस्त विद्यार्थ्यांची अवस्था या सहा शब्दांत बसते, म्हणून मी आमचं घर बसवून पाहिलं. ह्यांचा पेपर: चाळलं. माझं विणकाम: अपूर्ण. माळा आवरणे: हात लावला नाही. संसार: उत्तीर्ण की नुसताच पूर्ण, यावर आमच्यात अजून मतभेद आहेत.

आता खरा पेच पुढेच होता. शाळेत कार्यालयाची सूचना आली: ‘अभ्यासक्रम पूर्ण केल्याचा पुरावा सादर करावा.’ पट्टी ९७ म्हणते, तेव्हा पुरावा एकच, तो तीन सेकंदांचा टोस्ट. त्याचा फोटो काढायचा. हे एकटीचं काम नव्हतं. दुसऱ्या दिवशी संगणककक्षात मोहीम आखली. पडद्याच्या डावीकडे गणिताच्या मॅडम मोबाइल धरून, उजवीकडे भूगोलाचे सर खुर्चीवर चढून, मधोमध पीटीचे सर गुडघ्यावर बसून, तोंडात शिट्टी. एरवी सप्तपदीच्या वेळीच अशी गर्दी बघायला मिळते. मी बोट माउसवर ठेवलं. सरांनी शिट्टी फुंकली. मी क्लिक केलं. टोस्ट उडाला. तिघांचे मोबाइल एकदम चमकले.

गणिताच्या मॅडमच्या फोटोत ट्यूबलाइट आली. भूगोलाच्या सरांच्या फोटोत पीटीच्या सरांचं टक्कल आलं, तेही सुरेख. पीटीच्या सरांच्या फोटोत हिरवा तुकडा आला आणि त्यावर दोन अक्षरं स्पष्ट: ‘अभि’. पुढचं ‘नंदन’ त्यांच्या अंगठ्याखाली. तेवढ्याचीच रंगीत प्रिंट काढली, झेरॉक्स काढली, साक्षांकित केली आणि फाइलला लावली. चार दिवसांनी लिपिकांनी बोलावून विचारलं, “मॅडम, हा अभि कोण?”

गणिताच्या मॅडमना असला त्रास नाही. त्यांची पट्टी दुसऱ्याच दिवशी १०० झाली. त्यांनी मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवून ठेवला, आवाज बंद केला आणि बाराही व्हिडिओ सुरू असताना वांगी भाजून भरीत केलं. “काय होतं त्यात, मला विचारू नका बाप्पा,” त्या स्वतःच म्हणतात. सरळ बाई आहे. पण व्हिडिओ शेवटापर्यंत चालला एवढंच यंत्राला दिसतं. पाहणारी समोर आहे की वांगं, ते कळायला त्याला डोळे नाहीत. कुठल्याशा पोर्टलवर मी पाहिलं होतं, धड्यापुढे खुणेसाठी चौकोन असतो. सलग रेघांचा असेल तर खूण आपण करायची, तुटक रेघांचा असेल तर यंत्र करणार. ‘मूडल’ नावाच्या प्रणालीची ती जुनी रीत. मूडल २००२ साली आलं, ते सुरू करणारे मार्टिन डुगियामस ऑस्ट्रेलियातले. लहानपणी ते वाळवंटात राहत आणि शाळा शॉर्टवेव्ह रेडिओवर शिकत. मला वाटतं, म्हणूनच त्यांना एक चौकोन माणसाच्या हातात ठेवावासा वाटला असेल. रेडिओवरच्या बाईंना मुलाला विचारल्याशिवाय कळणारच कसं, की कळलं का?

मला संगणकाशी वैर धरायचं नाही. भाषा तेवढी सुधारावी एवढंच म्हणणं. ‘सत्र कालबाह्य झाले आहे’ हे वाचून आमच्या स्वयंपाकवाल्या बाईंना वाटलं, कॉलेजचं वर्ष बुडालं. त्यांच्या मुलीनं लॉगिन करून जेवायला ताट घेतलं होतं इतकंच. ‘अनपेक्षित त्रुटी उद्भवली आहे.’ अनपेक्षित कुणाला? आम्हाला अपेक्षितच होती. ‘आपली विनंती यशस्वीरीत्या रद्द झाली’ यात यश कुणाचं? ही वाक्यं इंग्रजीतून शेरवानी घालून येतात आणि नवतपातही ती काढत नाहीत. त्यापेक्षा नागपूरला काम द्या. ‘कृपया प्रतीक्षा करा’च्या जागी ‘थांबा न भाऊ, होऊन राहिलं’. सर्व्हरवर गर्दी असेल तर ‘होते न, घाई काऊन करता?’ पासवर्ड चुकला तर ‘हा नाही, दुसरा आठवून पाहा’. तीनदा चुकला तर ‘आता उद्या या’. आणि काहीच जमत नसेल तर ‘आमचाच झोल आहे राजेहो, तुमचं काही चुकलं नाही’. हे शेवटचं वाक्य एखाद्या पोर्टलनं एकदा जरी दाखवलं तरी मी त्याची प्रिंट काढून देवघरात लावीन.

स्थिती कशी दाखवावी याचा धडा तर नागपूरच्या मधोमध उभा आहे. झिरो माइलला जा. खांब, चार घोडे, आणि दगडावर शहरांची नावं आणि मैल कोरलेले: हैदराबाद ३१८, जबलपूर १७०. इंग्रजांच्या काळात कोरलं, अजून दिसतं. तीन सेकंदांत पुसलं जात नाही, लॉगिन मागत नाही, उन्हाळ्यात वीज गेली तरी वाचता येतं. कुठे आहात आणि किती उरलं, दोनच गोष्टी. स्थिती याहून जास्त काय सांगायची असते?

मे गेला, जून गेला, शाळा भरली, पोळा आला. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, म्हणून आदल्या आठवड्यात मी वर्गातल्या मुलांना आपापले लाकडी बैल आणायला सांगितले. पस्तीस बैल बाकांवर उभे राहिले. झूल, वेसण, घुंगरू, वशिंड, कासरा. पुस्तकातले आणि आजीच्या तोंडचे शब्द मुलं एकमेकांना सांगत होती, फळ्यावर लिहीत होती, त्यावरून भांडत होती. एका मुलीचा बैल तीन पायांचा होता. तिनं त्याच्यावर अर्धं पान निबंध लिहिला, आणि ती मुलगी एरवी चार ओळी लिहायला नाही म्हणते. त्या तासाला मला व्हिडिओचा सातवा भाग आठवत होता, माझी टिपणं आठवत होती. हे कुठल्या टेबलात गेलं असेल? सहातल्या कुठल्या शब्दात बसलं असतं?

तान्ह्या पोळ्याच्याच दिवशी नागपुरात मारबत निघते. काळी मारबत १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. सोबत बडगे असतात, त्या त्या वर्षाच्या पीडांचे पुतळे: महागाई, भ्रष्टाचार, रोगराई. सगळ्यांना ‘घेऊन जा’ म्हणत शहराबाहेर नेऊन जाळतात. बडगे करणाऱ्या मंडळींना माझी एक विनंती आहे. पुढच्या वर्षी एक गोल चक्राचा बडगा करा, गळ्यात पाटी लावा: ‘कृपया प्रतीक्षा करा’. वर्गणी मी देते, भाचाही देतो म्हणाला. पीटीचे सर शिट्टी घेऊन पुढे चालतील.

आज सकाळी पुन्हा लॉगिन केलं. ‘मागील प्रयत्न अयशस्वी’ जागेवर आहे. पट्टी ९७ वर आहे. फळ्यावरचे बैलांचे शब्द मात्र मुलांनी आठ दिवस पुसू दिलेले नाहीत.